डाव्या डोळ्यातला कण

४ फेब्रुवारी

ताई,

पत्राची सुरुवात कशी करायची ते तूच मला शिकवलं होतंस. थोरल्यांना काय लिहायचं, धाकट्यांना काय, समास किती सोडायचा. एकतीस वर्षांनी तुला लिहायला बसले तर त्यातलं एकही वाक्य जागेवर बसेना, म्हणून नुसतंच ताई. समास सोडला आहे, तेवढं बघ.

आधी एक सांगते. तुझ्या लेकीला रागावू नकोस. तिने मला पत्र लिहिलं ते तुझ्या पाठीमागे, हे खरं. चारच ओळी होत्या. "मावशी, आईचा डावा डोळा काढावा लागला. आत गाठ होती, आता धोका नाही. बारा एप्रिलला इस्पितळात बसवायचा डोळा मिळणार आहे, आई म्हणते कुठलाही चालेल. तुम्ही हेच काम करता ना?" भाचीने मला पहिल्यांदा मावशी म्हटलं आणि तेही असल्या बातमीत. मी ते पत्र एप्रनच्या खिशात घालून दिवसभर काम केलं, आणि दिवसभर काम बिघडवलं.

"कुठलाही चालेल" वाचून मात्र माझा पारा चढला. चपलेच्या दुकानात आठ जोड घालून बघणारी तू! दुकानदार हात जोडायचा, तरी "अंगठ्याला जरा टोचतंय" म्हणून नववा मागायचीस. आणि डोळा म्हणे कुठलाही.

इस्पितळात एक खण असतो, ताई. त्यात शे-दीडशे तयार डोळे आकारांप्रमाणे मांडलेले असतात. मदतनीस तुझ्या तोंडाकडे बघतो, त्यातला जवळपासचा उचलतो, बसवतो, आरसा दाखवतो. रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला कळत नाही. पण समोर बसून जेवणाऱ्याला कळतं. चेहऱ्याच्या अर्ध्या भागात कुणीतरी परकं येऊन बसल्यासारखं वाटतं. असे लोक वर्ष-दोन वर्षांनी माझा जिना चढून येतात आणि सांगतात, की नातू उजव्या बाजूनेच मांडीवर येतो.

मी हेच काम करते. बत्तीस वर्षं. माणूस समोर बसवायचा, त्याचा राहिलेला डोळा बघायचा आणि तसाच दुसरा करायचा. एका माणसाचा एक. खण नाही माझ्याकडे.

आता तुझ्या पापणीमागे एक पारदर्शक वाटी बसवली असेल. खाजली तरी ती काढू नकोस, जागा आक्रसते. (मी तुला सूचना देते आहे. काय दिवस आले!)

आणि एकच विचारायचं आहे. तू दिवसभर कुठे बसतेस? उगाच चौकशी करत नाही, कामाचा प्रश्न आहे. खऱ्या डोळ्याची बाहुली उजेडात लहान होते, अंधारात मोठी. रंगवलेली बाहुली आहे तेवढीच राहते. म्हणून ज्या उजेडात माणूस सगळ्यात जास्त वेळ असतो, त्या उजेडापुरती ती जुळवायची असते. शिंपी दारात बसतो, त्याची लहान. तळघरातल्या गोदामवाल्याची मोठी. तुझं मला काहीच माहीत नाही.

त्या दिवशी जिन्यावर जे झालं ते इथे उकरून काढत नाही. दोन शब्द तू बोललीस, दोन मी बोलले. झालं.

"उत्तर नाही आलं तरी चालेल" असं लिहिणार होते. चालणार नाही. कुठे बसतेस ते कळव.

टकमक

—

१७ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. बाबा म्हणायचे, ही गप्प बसली की घराला बाहेरून कुलूप लागतं. मी काही कुलपाला भिणारी नाही. खाली सही केलेलं नाव वाचून तुझा राग थोडा तरी हलला असेल अशी मला आशा होती. तूच ठेवलेलं नाव ते. मी चार वर्षांची असताना तू माझे केस विंचरायला मला समोर बसवायचीस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत राहायची. "काय टकमक बघतेस गं? कधी माणूस पाहिलं नाहीस?" पुढे आई गेल्यावर मला वाढवताना तू मला आणखी पुष्कळ नावं ठेवलीस, पण हे एकच चिकटलं.

मी या कामापर्यंत कशी पोचले ते तुला कधी सांगितलंच नाही. तू विचारलं नाहीस आणि विचारायला मी जागा ठेवली नव्हती.

मला आपली पुढची खोली अजून जशीच्या तशी आठवते. खिडकीजवळ तुझं टेबल, त्यावर टाइपरायटर, दोन्ही बाजूंना लोकांचे प्रबंध. माशांच्या कल्ल्यांवर एक, जुन्या नाण्यांवर एक, साखरेच्या भावांवर एक. तू स्वतःचं कॉलेज शेवटच्या वर्षाला सोडलंस, आई गेली म्हणून, आणि त्यानंतर पन्नास-साठ लोकांना डॉक्टर केलंस. शेवटी ऋणनिर्देशाचं पान आलं की ते तू मोठ्याने वाचून दाखवायचीस. मार्गदर्शकांचे आभार, सासऱ्यांचे आभार, एकाने तर आपल्या मांजराचे मानले होते. टाइप करणारीचे कुणीच मानायचं नाही. "एक दिवस मीच खाली एक ओळ घुसडणार," तू म्हणायचीस, "आणि जिने हे सगळं दोनदा बडवलं तिचे." बाबा पेपरामागे हसायचे.

माझा प्रवेश झाला त्या दिवशी तू स्टुलावर चढून टेबलाच्या वर, अगदी मधोमध, भिंतीत एक खिळा ठोकलास. मी म्हटलं, कशाला? "तुझी डिग्री लावायला. जागा आत्ताच धरून ठेवते, नाहीतर बाबा तिथे कॅलेंडर लावतील." तीन वर्षांचा अवकाश होता आणि तू खिळा ठोकून मोकळी. त्या खिळ्याखाली बसून मी रोज चहा प्यायची. तुला सांगते ताई, घशाखाली उतरायचा नाही.

कॉलेजने मला काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. कॉलेजनेच दिलं. एकशे वीस मुलं एका हॉलमध्ये, अर्थशास्त्राचे सर पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचायचे, मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. कान माझे पहिल्यापासून कामचुकार, डोळेच काय ते कष्टाळू. मी सरांकडे बघत बसायची. एक दिवस भिंतीवर चित्रं दाखवायला त्यांनी पडदे ओढले, हॉल अंधारला, मग पुन्हा उघडले, आणि मला दिसलं की त्यांची उजवी बाहुली लहान-मोठी होते, डावी होत नाही. पुढचे चार दिवस मी दुसरं काही पाहिलं नाही. पाचव्या दिवशी तास संपल्यावर जाऊन सरळ विचारलं, "सर, तुमचा डावा डोळा कुणी केला?"

आता अंगावर काटा येतो. पण सर रागावले नाहीत. "अकरा वर्षं शिकवतोय," ते म्हणाले, "आजपर्यंत एकालाही कळलं नव्हतं." आणि वहीचा कोपरा फाडून पत्ता लिहून दिला.

लोखंडी जिना, वर एकच लांबट खोली, एका भिंतीला उंच खिडक्या. करड्या एप्रनमधले एक म्हातारे गृहस्थ खिडकीपाशी बसले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी माझं ऐकून घेतलं, मला समोर बसवलं, म्हणाले, "एक मिनिट माझ्या डोळ्याकडे बघ." मग खुर्ची भिंतीकडे फिरवायला लावली. "सांग आता. आणि 'काळा' म्हणालीस तर जिना तिकडे आहे. जगात कुणाचाही डोळा काळा नसतो."

मी सांगत गेले. कडेला दाट, आत उतरत गेलेला, बाहुलीभोवती जुन्या पितळेसारखा. पांढऱ्यात पिवळट झाक. उजव्या कोपऱ्यातून एक शीर निघते, तिला दोन फाटे, खालच्या फाट्याला परत एक. मास्तरांनी खुर्ची परत फिरवायला लावली. मग म्हणाले, "शिक्षण किती?"

"पहिली सहामाही. तीही पुरी नाही."

"पुरे. उद्या नऊ वाजता ये. नखं कापून ये."

ना अर्ज, ना दाखला. पहिले तीन महिने मी फक्त लाल रेशीम उसवलं. एका धाग्याचे दहा, दहाचे वीस, एवढे बारीक की श्वास सोडला तर उडून जातील. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर त्याच्या शिरा बसवतात. हात थरथरला की मास्तर वर न बघता म्हणायचे, "चहा पिऊन ये, धाग्याला ताप आलाय." मला त्यांनी कधी पेशंट म्हणू दिलं नाही. पेशंट डॉक्टरांचे, आपल्याकडे येतात ते पाहुणे.

आणि तुझ्याशी मी आठ महिने खोटं बोलले. कॉलेजच्या पिशवीत वही वर, एप्रन खाली. कपड्यांना प्लास्टिकच्या भुकटीचा वास यायचा, मी म्हणायची प्रयोगशाळेचा आहे. अर्थशास्त्राला कसली आली प्रयोगशाळा, हे तू कसं विचारलं नाहीस याचं मला आजही नवल वाटतं. बाबांना ठाऊक होतं. त्यांनी एकदा माझ्या नखातला लाल रंग पाहिला, रॉकेलची चिंधी आणून दिली आणि म्हणाले, "शाई फार पक्की असते हल्ली." तुझा विश्वास होता, म्हणून तू विचारलं नाहीस. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते आहे.

कुठे बसतेस, ताई?

टकमक

—

३ मार्च

ताई,

तू लिहीत नाहीस, पण भाची लिहिते. म्हणते, आई तुमची पत्रं माझ्यासमोर उघडत नाही, पण कपाटात ठेवते. कचऱ्यात नाही ना? मग माझं चाललं आहे ते चालू दे.

आज तुला एक अशी गोष्ट सांगते जी मास्तर सोडून कुणालाही माहीत नाही.

मी कामाला लागून सात महिने झाले होते. तोपर्यंत मला बुबुळाला हात लावू दिला नव्हता. एक दिवस एक शिवणकाम करणारी बाई आली आणि मास्तरांनी ब्रश माझ्या हातात दिला. "आज तू. मी बाहेर जाऊन येतो." बाई समोर बसली, मी तिच्या समोर, मधे हातभर टेबल. दोन तास रंगवत होते. एक थर, वाळू द्यायचा, दुसरा थर. मग रंगावर पाण्याचा थेंब ठेवून बघायचं, कारण वर पारदर्शक थर चढला की रंग कसा दिसेल ते त्या थेंबात कळतं. मी थेंब ठेवला आणि ते बुबुळ असं जिवंत झालं की मला टाळी वाजवावीशी वाटली.

मास्तर आले. डोळा बाईच्या गालाशी धरला. मग तिला म्हणाले, "ताई, तुम्ही जरा खाली जाऊन चहा घ्या." ती गेल्यावर म्हणाले, "डोळा सुंदर आहे. हिचा नाही. कुणाचा आहे?"

मी पाहिलं. खाली, घड्याळात सात वाजतात त्या जागी, मी एक पिवळसर कण काढला होता. शिवणवाल्या बाईच्या डोळ्यात तसलं काही नव्हतं. रंगही तिचा नव्हता. तो तुझा होता, ताई. तुझा डावा.

आठवतं? केस विंचरताना मी तुझ्या डोळ्यात फुंकर मारायची. मला वाटायचं, वाळूचा कण गेलाय. तू म्हणायचीस, "जात नाही गं तो, जन्मापासून आहे," आणि तरी मी रोज फुंकायची, आणि तू रोज डोळा उघडा धरायचीस. त्या सात महिन्यांत घरी तुझ्याकडे मान वर करून बघायची माझी हिंमत नव्हती. आणि इथे हात आपला तुझाच डोळा काढून मोकळा झाला.

मास्तरांचा नियम होता, आठवणीतून डोळा काढायचा नाही. बिघडलेला डोळा ते पकडीने तिथल्या तिथे फोडायचे, चुकून कुणाला जाऊ नये म्हणून. हा त्यांनी फोडला नाही. रात्रीतून त्यावर पारदर्शक थर चढवून, घासून, चमकवून दुसऱ्या दिवशी माझ्या तळहातावर ठेवला. "ज्याचा आहे त्याला नेऊन दाखव," म्हणाले. "आणि काय ते सांगून टाक."

मी तो एप्रनच्या खिशात घालून तीन आठवडे हिंडत होते. उद्या सांगू, परवा सांगू. मग एक दिवस तू स्वतःच जिना चढून आलीस.

असो. मुद्दा हा, की तो डोळा अजून माझ्याकडे आहे. तेव्हा तू इथे नाही आलीस तरी चालेल. मला तोंड दाखवायचं नाही ना, नको दाखवूस. इस्पितळातल्या मदतनिसाकडून फक्त डोळ्याच्या खोबणीचा साचा घेऊन पाठव. तुझ्या लेकीला कळेल कसा पाठवायचा ते, मी लिहून देते. रंग माझ्याजवळ एकतीस वर्षं तयार आहे. त्या कणासकट. जगातल्या कुठल्या खणात तो कण मिळायचा नाही, आणि उरलेल्या डोळ्याकडे बघून तो कुणाला कळायचाही नाही, कारण तो गेलेल्या डोळ्यात होता.

घरबसल्या काम होईल. बघ, किती सोपं केलं.

टकमक

—

१६ मार्च

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. निदान शेवटचा भाग.

काल भाचीने तुझा फोटो पाठवला. साच्याबरोबर रंगाला उपयोगी पडेल म्हणून मीच मागितला होता. जवळून काढलेला आहे, खिडकीतल्या उजेडात, तू कॅमेऱ्याकडे असं बघते आहेस जसं शाईचा डाग पाडणाऱ्या मुलाकडे बघावं. डाव्या बाजूला पट्टी. मी तो टेबलावर ठेवला आणि शेजारी माझा डोळा ठेवला. जुना.

तो तुझा नाही, ताई.

तो सव्वीस वर्षांच्या मुलीचा आहे. आता तुझ्या बुबुळाच्या कडेला फिकट निळसर वलय आलं आहे, वयाबरोबर येतं तसं. तपकिरी रंग निवळून थोडा राखेकडे गेला आहे. पांढरं पिवळट झालं आहे. कोपऱ्यात शिरा आहेत, पापणी खाली उतरली आहे. मी तो जुना डोळा बसवला असता तर तुझ्या तोंडावर एकीकडे तू आणि एकीकडे तीच पुढच्या खोलीतली मुलगी दिसली असती. खणातल्यापेक्षा वाईट. मास्तर असते तर पकड माझ्या हातात दिली असती.

मी दिवसभर कामाला हात लावला नाही. मला वाटत होतं मी तुला रोज बघते. अगं, एकतीस वर्षं मी तुला पाहिलेलंच नाही. बाबा गेले तेव्हा तू आलीस, पण आपण दोघी खोलीच्या दोन टोकांना होतो आणि मधे सगळी माणसं. वाटणीत तू टाइपरायटर घेतलास. मी काही नको म्हटलं. खरं सांगते, मी पण एक वस्तू घेतली. तू खाली गेल्यावर पकडीने तो खिळा भिंतीतून उपसून काढला. तिथे मागे बोटभर खड्डा राहिला, घरमालकाने माझ्याकडून बुजवून घेतला.

आणि आता जिन्यावरचं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, दोन शब्द तू बोललीस, दोन मी. ते खरं नाही. तू टाइप केलेला प्रबंध द्यायला कॉलेजात गेलीस, सहज माझी चौकशी केलीस, आणि कारकुनाने हजेरीचा पट उघडून दाखवला. आठ महिने गैरहजर. तिथून तू चालत आलीस. दारात उभी राहून म्हणालीस, "माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस." मग टेबलाकडे बघून म्हणालीस, "खोटे डोळे करायला खोटारडीच लागते." एवढंच. आणि ते खरं होतं.

मी काय बोलले ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "तुला जमलं नाही ते माझ्या गळ्यात का मारतेस? लोकांचे प्रबंध बडवून कुणी शिकलेलं होत नाही."

मास्तर तिथेच होते. त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. आणि तू खाली उतरलीस, कठड्याला हात न लावता, पायरी न पायरी मोजल्यासारखी.

ज्या बाईने माझ्यासाठी कॉलेज सोडलं तिला मी हे बोलले. तेव्हा माझ्या खिशात तुझा डोळा होता, ताई. हात खिशातच होता, मुठीत तो होता. तो बाहेर काढून तुला दाखवला असता आणि "बघ, माझा पहिला डोळा, तुझाच आलाय" एवढं म्हटलं असतं, तर तू मला दोन थोबाडीत मारून घरी नेलं असतंस. मला माहीत आहे. मूठ काढायच्या ऐवजी मी तोंड उघडलं.

मी चुकले. काम निवडलं त्यात नाही, त्यात मी अजूनही चुकले नाही, ते मी तुझ्यासमोर शंभरदा म्हणेन. पण ते वाक्य बोलले त्यात चुकले, आणि आठ महिने तुला चहा पाजून फसवलं त्यात चुकले. मला माफ कर. नाही केलंस तरी डोळ्याचं काम मला करू दे.

पण त्यासाठी तुला यावं लागेल. दुसरा मार्ग नाही. तुला माझ्यासमोर हातभर अंतरावर दोन दिवस बसावं लागेल आणि मला तुझ्याकडे बघावं लागेल. आजच्या तुझ्याकडे. एकच गोष्ट मी आठवणीतून काढीन, तो कण. तेवढ्यापुरता मास्तरांचा नियम मोडीन. आणि तोही तुला हवा असेल तरच, कारण चेहरा तुझा आहे.

बारा तारखेला सत्तावीस दिवस आहेत.

टकमक

—

२ एप्रिल

ताई,

पाकीट आलं. पत्ता टाइप केलेला बघूनच मी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्या यंत्राचा 'त' अजून ओळीच्या वर उडी मारतो. बाबांनी तीनदा दुरुस्तीला नेलं होतं ना?

आत एवढा मोठा कागद, वर तारीख, चारही बाजूंनी बरोबर समास, आणि मधे:

"दिवसभर खिडकीपाशी असते. यंत्र तिथेच आहे, प्रबंध अजून येतात. आठ तारखेला सकाळच्या गाडीने निघते. कण विसरू नकोस."

नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, सही नाही. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तू डोक्यावर बसशील. शेजारच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "तारच म्हणायची ही." मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं, हे लांबलचक आहे."

खिडकीपाशी, म्हणजे बाहुली लहान. लिहून ठेवलं.

आता नीट वाच. स्टेशनच्या मागच्या दाराने बाहेर पड, पुढच्या दाराने आलीस तर दोन रस्ते जास्त चालावं लागेल. कोपऱ्यावर घड्याळवाला आहे, त्याला मी तुझं वर्णन करून ठेवलं आहे. जिना तोच. एका डोळ्याने पायरीचा अंदाज सुरुवातीला चुकतो, प्रत्येकाचा चुकतो, म्हणून मी दर पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढला आहे. आणि कठड्याला हात लाव. या खेपेला लाव.

जेवण मी करीन. तुझ्याएवढं चांगलं नाही होणार, नाक मुरडायचं नाही. राहायला माझ्या दोन खोल्या आहेत, लग्न न केल्याचा हा एक फायदा. पहिल्या दिवशी साचा, मग त्यावरून मेणाचा नमुना, रंग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून, कारण तेव्हा इथला उजेड सगळ्यात सरळ असतो. पट्टी काढताना लेकीला बाहेर बसवायचं असेल तर आधी सांग. मला बाहेर बसवता येणार नाही.

जुना डोळा मी फोडला नाही. तो टेबलावर ठेवीन. तुला बघायचा असेल तर बघ, नको असेल तर झाकून ठेवते. आपला स्वतःचा डोळा कुणालाच ओळखू येत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

आणि एक. पाहुण्यांना समोरासमोर बघायला फार जड जातं. हातभर अंतरावर अनोळखी बाई दोन दोन तास टक लावून बसते, माणूस करणार काय? म्हणून माझ्या मागच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, मी एक खिळा ठोकलेला आहे. त्यावर काही लावलेलं नाही. येणाऱ्याला मी सांगते, त्या खिळ्याकडे बघत राहा, मान हलवू नका. बाबा गेल्यापासून जे जे पाहुणे आले, त्या सगळ्यांनी दोन दोन दिवस तुझ्याच खिळ्याकडे बघितलं आहे. डिग्री कुठे आहे, असं त्यातल्या एकाने विचारलं होतं. मी म्हटलं, येणार आहे.

तू खिळ्याकडे बघू नकोस. बोलायचं नसेल तर बोलूही नकोस, दोन दिवस एक अक्षर नाही बोललीस तरी काम होतं. पण माझ्याकडे बघ.

तुझी
टकमक